पुठ्ठ्याच्या पलंगावरचा खळगा

१

पलंगावर कोणीतरी झोपून गेलं होतं.

ताई दारातच थबकली. खांद्यावरची पिशवी उतरवायचंही तिला सुचलं नाही. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने ही चादर अंथरली होती. किंचित ओलसर असतानाच चारी बाजूंनी ताणली, वाफेची इस्त्री फिरवली, कडा गादीखाली खोचून सेफ्टी पिनेसारख्या मिटणाऱ्या टाचण्या लावल्या आणि उलट्या पावली खोलीबाहेर आली. आता त्याच चादरीवर खिडकीकडच्या बाजूला एक खळगा होता. लांबट, उथळ. खांदा यावा तिथे रुंद, कमरेशी निमुळता, खाली गुडघे पोटाशी ओढल्यासारखा वळलेला. कुशीवर झोपलेलं माणूस जसंच्या तसं होतं, फक्त माणूस नव्हतं.

सलग तिसरी सकाळ.

विकायला काढलेली घरं सजवून द्यायची, हा ताईचा धंदा. रिकाम्या घरात ती चार कुंड्या, दोन दिवे, एक आरसा आणि एक पलंग आणून ठेवायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, इथे आपण सुखाने राहू. त्यातही तिचा जीव चादरीत. चादरीवर एक रेघ दिसली तरी तिच्या कपाळावर तीन उमटायच्या. तिच्या माघारी सगळे एजंट तिला सुरकुतीताई म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं.

"झाली का तयारी?" जिन्यावरून धापा टाकत एजंट आला. "अकराला गिऱ्हाईक येतंय. कालची बाई तर पलंग बघून चपला घालायला विसरली. अजून खाली आहेत तिच्या."

"या, बघा."

एजंटाने मान आत घातली आणि कासवासारखी परत ओढून घेतली. "पुन्हा?"

या खोलीत सात महिन्यांपूर्वी घरची आजी गेली होती. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर मुलाने तिचा पलंग देऊन टाकला, बायकोला आणि वडिलांना घेऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला आणि हे घर विकायला काढलं.

"पण आता काळजी नको," एजंट आवाज उतरवून म्हणाला. "उलगडा झालाय. म्हातारेबाबा येऊन झोपतात. चावी दाराबाहेरच्या पेटीत असते, तिचा आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ. मुलाने सरळ वृद्धाश्रमात बोलणी केली. आज पाचला गाडी येतेय न्यायला."

"एका चादरीपायी?"

"चादरीपायी कसं? डोकं फिरल्यासारखा माणूस अंधारात रस्त्याने हिंडतो, उद्या कशाखाली आला तर? मुलगा म्हणतो, तिथे दाराला कुलूप असतं, जिवाला घोर नाही."

ताईने पुन्हा खळग्याकडे पाहिलं. 

"भाऊ, बाबा इथे झोपलेले नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण हा पलंगच नाही."

२

तिने गुडघ्यांवर बसून पलंगाची झालर वर उचलली.

आत पुठ्ठ्याचे खोके होते. बारा. रिकामे, पट्ट्या लावून एकमेकांना चिकटवलेले. त्यांच्यावर हवेची गादी, गादीवर भरदार दिसावी म्हणून कापसाची जाड रजई आणि रजईवर ती चादर, उशाशी शोभेचा एक लांबट लोड.

एजंटाने कपाळावर हात मारला. "अहो, मी त्यांना सागवानी पलंग सांगितलाय!"

"तुम्हीच म्हणालात ना, तिसऱ्या मजल्यावर खरा पलंग चढवायला माणसं मिळत नाहीत, काहीतरी जमवा? जमवलं. गिऱ्हाईक काय पलंगावर झोपून बघतं? चार दिवसांपूर्वी इस्त्रीची पेटी क्षणभर कडेला टेकवली, तर खोका दबला. बदलावा लागला." तिने झालर सोडली. "यावर भरल्या अंगाचं माणूस आडवं झालं असतं, तर सकाळी जमिनीवर सापडलं असतं."

"मग कोण झोपतं?"

"ज्याला वजन नाही, असं कोणीतरी."

ती अगदी हिशेबाने बोलली होती. पण वाक्य तोंडातून सुटलं आणि खोलीने ते ऐकून घेतल्यासारखं वाटलं. पडदा हलला नाही, काही पडलं नाही, तरी दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. तावदान बोटभर उघडं होतं. ताईने काल ते घट्ट लावलं होतं.

"मी जरा बाहेर जाऊन फोन करतो," एजंट म्हणाला. "घरच्यांनाच बोलावून घेतो." फोन खिडकीच्या कट्ट्यावर विसरून तो निघून गेला.

ताई एकटी उरली. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण तिच्या घरी दोन वर्षांची मुलगी होती आणि तिने तिला काल शिकवलं होतं की अंधारात काय आहे ते हात लावून बघायचं. आता उलटी कशी पळणार? ती वाकली.

पहिली गोष्ट टाचण्यांची. तिने खोचलेल्या सातही टाचण्या चादरीतून काढलेल्या होत्या आणि पडद्याच्या काठाला एका ओळीत, बंद करून लावलेल्या होत्या. भूत टाचण्या बंद करून ठेवतं का?

दुसरी, रेघ. चादरीच्या बरोबर मधून, उशीपासून पायथ्यापर्यंत, अस्पष्ट उभी रेघ. ताईच्या चादरी घडी घालून येतच नसत. घडी म्हणजे रेघ. ती चादरी पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळून आणायची, गालिच्यासारख्या. ही रेघ तिची नव्हती.

तिसरी गोष्ट तिला दिसत होती, पण उमजत नव्हती. तिने गाल जवळजवळ रजईला लावून तिरप्या उजेडात पाहिलं. कडेला चुण्या, पायथ्याशी चुण्या. मधे खळगा. त्या खळग्यात काहीतरी चुकत होतं. काय? तिने बोट पुढे केलं.

"हळू," मागून कोणीतरी पुटपुटलं.

ताईने बोट झटकन मागे ओढलं.

३

दारात घरची सून उभी होती. सडपातळ, डोळ्यांखाली काळं, हातात फडकं.

"हळू म्हटलं, ते तावदान सैल आहे," ती म्हणाली. "निसटेल. यांनी सांगितलं, जाऊन जरा घर पुसून घे."

"वहिनी, केवढं दचकवलंत!"

"सॉरी हां." तिची नजर पलंगावर गेली, क्षणभर टेकली आणि निघाली. "मी स्वयंपाकघर पुसते."

पाठोपाठ मुलगा आला, मागून बाबा, सगळ्यात शेवटी त्यांना घरी जाऊन घेऊन आलेला एजंट. बाबा उंच, रुंद खांद्यांचे, पण चालताना पाय असे टाकत होते की जणू खालचा मजला झोपलाय.

"दादा, अकराच्या आत पलंग नव्याने करायचाय," ताई म्हणाली. "माझी मदतनीस आली नाही. जरा हात लावता का? एकेक जण."

तिला मदतीची गरज नव्हती. पण माणूस चादर कशी धरतो, यावरून तिला पुष्कळ कळायचं.

एजंटाने चादर हातात येताच झेंड्यासारखी फडकावली. कुंडीतली दोन पानं गळाली.

"पाहिलंत का तुम्ही कोणाला इथे येताना?" ताईने टोक ओढत विचारलं.

"मी? मी तर हे घर खपेपर्यंत एकटा जिनासुद्धा चढणार नाही. दिवसासुद्धा."

त्याला बाजूला करून मुलगा पुढे आला. त्याने चादर रस्सीखेच खेळल्यासारखी खेचली.

"आईचं आजारपण कोण बघत होतं, दादा?"

"नर्स ठेवली होती ना. चांगली होती. सगळं तीच करायची." टाचणी बोटाला टोचली, तसं त्याने "आई गं" म्हणत ती उघडीच चादरीवर टाकली. "ताई, तुम्हाला वाटत असेल मी निर्दयी आहे. पण माझी झोप उडालीय. पहाटे बाबांच्या खोलीत डोकावलं तर अंथरूण रिकामं. दोनदा. विचारलं तर म्हणतात, फिरायला गेलो होतो. आई गेली तेव्हा मी गावाला होतो. पोचलो तोवर संपलं होतं. आता वडिलांनाही असंच, रस्त्यात..." तो थांबला. "मला नाही सोसायचं."

ताईने उघडी टाचणी उचलली. हा नव्हे, ती मनात म्हणाली. हा टाचणी बंद करणारा माणूस नव्हे.

बाबा इतका वेळ खिडकीशी पाठमोरे उभे होते. ते वळले.

"कशाला त्या बाईला राबवतोस? मीच झोपतो इथे."

 स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज थांबला.

"बघा!" मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

"रोज पहाटे येतो," बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या बाजूला पडतो तासभर. गाडी येऊ दे पाचला. माझी तक्रार नाही."

"बाबा," ताई हळूच म्हणाली, "कुठे पडता नक्की?"

"इथेच की. या कडेला."

आणि दाखवण्यासाठी ते पलंगावर बसले.

४

धप्प असा आवाज झाला, पाठोपाठ पुठ्ठा चुरडल्याचा, आणि बाबा एका बाजूने खाली गेले. मुलाने आणि ताईने दोन दंड धरून त्यांना वर ओढलं. झालर फाटली होती. आतून तीन चेपलेले खोके बाहेर डोकावत होते. एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: साबण, ही बाजू वर.

मुलगा एजंटाकडे बघायला लागला. एजंट छताकडे.

"सागवान," मुलगा म्हणाला.

"हलकं सागवान असतं एक," एजंट पुटपुटला.

"दादा, त्यांच्यावर नंतर चिडा," ताई म्हणाली. "बाबांचं वजन किती?"

"ऐंशीच्या वर असेल."

"तीन पहाटे बाबा यावर झोपले असते, तर पहिल्याच पहाटे हे झालं असतं. खोके आत्तापर्यंत धड होते. बाबा या पलंगाला आज पहिल्यांदा टेकले."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. "मग खोटं का बोललात?"

"विसरलो असेन," बाबा म्हणाले. "म्हातारा झालो."

"हे तर त्याहून वाईट!" मुलाचा आवाज चिरकला. "न केलेलं केलं म्हणून सांगायला लागलात. आता तर न्यायलाच हवं. पाच कशाला, लवकर बोलावतो गाडी."

ताईने ओठ चावला. खरं सांगून तिने म्हाताऱ्याला आणखी खोल ढकललं होतं. आता कोण ते सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. एवढा मोठा माणूस डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो, घर सोडायला तयार होतो, ते कोणासाठी?

आवाज ऐकून सून धावत आली होती. तिची नजर बाबांवरून फिरली, ते धड आहेत हे पाहून खाली आली आणि विस्कटलेल्या चादरीवर अडकली. फडक्यावरची बोटं उघडझाप करत होती.

"वहिनी," ताई म्हणाली, "पलीकडची बाजू शाबूत आहे. तेवढ्यावर नवी चादर घालू. धरता?"

"तिला कशाला?" बाबा एकदम म्हणाले. "ती दमलीय."

ताईने नळीवरची चादर सोडली आणि एक टोक सुनेकडे दिलं.

सुनेने चादर फडकावली नाही. आपल्या बाजूची अर्धी चादर तिने गादीवर सरकवत नेली, उरलेली अर्धी लांबीने गुंडाळली आणि ती गुंडाळी गादीच्या मधोमध लांब ठेवली. उशाचा लांबट लोड उचलून तिने गुंडाळीच्या पलीकडे ठेवला, दोन्ही हात त्याच्या खाली घातले आणि तो गुंडाळीवरून आपल्याकडे वळवला. वळवताना ती तोंडातल्या तोंडात "हळू" म्हणाली. मग गुंडाळी पलीकडे उलगडली. ताईच्या हातातल्या टाचण्या घेतल्या, एकेक बंद केली आणि गादीपासून दूर, पडद्याच्या काठाला लावली. वाकून तिने तावदान बोटभर उघडलं. मग तिचा तळवा लोडाच्या कडेने चादरीवर फिरू लागला. एकदा. पुन्हा. पुन्हा. मधल्या रेघेपासून कडेपर्यंत, पाठीखाली, कमरेखाली, टाचांखाली.



आणि ताईला कळलं, खळग्यात काय चुकत होतं.

५

"वहिनी, बसा," ती म्हणाली. आपल्या मुलीला झोपेतून उठवताना काढायची तसा आवाज तिने काढला होता.

सुनेने हात मागे घेतला. आपण काय केलं ते तिला आत्ता दिसलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"दादा, झोपलेल्या माणसाच्या खाली चादर सगळ्यात जास्त चुरगळते," ताई म्हणाली. "घाम, ऊब, कूस बदलणं. इथे उलटं होतं. कडेला चुण्या आणि खळग्यात एकही नाही. माझ्या इस्त्रीने होते त्याहून गुळगुळीत. म्हणजे तिथे कोणी झोपलं नव्हतं, कोणीतरी झोपणार म्हणून ती जागा तळव्याने साफ केली होती. खळगा या लोडाने आणि पाठ, कमर, टाचांच्या जागी फिरलेल्या तळव्याने रजईत उठलेला. मी चादरीची सुरकुती काढते ती दिसू नये म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची सुरकुती काढतात ती कातडीला टोचू नये म्हणून, जखम होऊ नये म्हणून. टाचण्याही त्यासाठीच लांब. मधली रेघ त्या गुंडाळीची. माणूस पलंगावर असताना खालची चादर बदलायची ही पद्धत आहे. ती बघून येत नाही, करूनच हातात बसते."

"पण नर्स..." मुलगा म्हणाला.

"नर्स दिवसा होती," बाबा म्हणाले. "रात्रीची ही होती. दोन वर्षं. तू कधी विचारलं नाहीस आणि हिने कधी सांगितलं नाही."

मुलगा बायकोसमोर उकिडवा बसला. "तू येतेस इथे? मला वाटायचं, पहाटे उठून पाणी भरतेस."

"चार वाजता जाग येते," ती म्हणाली. ती चादरीशीच बोलत होती. "रोज. दर दोन तासांनी आईंची कूस बदलायची असायची ना. त्या रात्री दोनला बदलली. चारला उठलेच नाही मी. गजर लावला होता, तरी ऐकू आला नाही. सहाला जाग आली तेव्हा त्या गार पडल्या होत्या. माझ्यामुळे. आता इथे पलंग आला म्हटल्यावर वाटलं, एकदा बदलून यावं. राहिली होती ना ती कूस. एकदा बदलली की जाग येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी परत आली." तिने नाक पुसलं. "बाबांचं नाव येतंय हे मला कालच कळलं. मी सांगणार होते. खरंच, पाचच्या आत सांगणार होते."

"आणि तुम्ही?" मुलाने वडिलांकडे पाहिलं.

"पहिल्या पहाटे दार वाजलं म्हणून हिच्या मागे आलो. त्या दारातून पाहिलं. नंतर रोज लांबून सोबत करायचो, अंधारात एकटी बाई म्हणून." बाबांनी हाताने भिंत चाचपली. "म्हटलं, कळलं तर हिला वेडी म्हणतील. मला तर सगळे म्हणतातच."

"बाबा..."

"थांब. माझंही एक आहे." ते खाली बसायला लागले, गुडघे ऐकेनात, तशी ताई पुढे झाली. सुनेच्या शेजारी जमिनीवर टेकून त्यांनी दम घेतला. "पोरी, गजर वाजलाच नव्हता."

सुनेने वर पाहिलं.

"मी जागा होतो. तीही जागी होती. दोनला तू तिला वळवलंस आणि खुर्चीत मान टाकून झोपलीस. तोंड उघडं पडलं होतं तुझं. ती बघत होती तुझ्याकडे. मला म्हणाली, ते घड्याळ बंद करा, पोरीचे हाल बघवत नाहीत. मी म्हटलं, अगं, तुझी कूस? तर म्हणाली, एक राहिली तर काय बिघडतंय, झोपू दे तिला. मी बंद केलं. थोड्या वेळाने ती शांत झाली. हाक नाही, काही नाही. माझा हात तिच्या हातात होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"भ्यालो." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "हा विचारेल, बाबा, गजर का बंद केलात? तर काय सांगणार होतो मी? सात महिने रोज ठरवायचो, आज सांगीन. तुला असं वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मला वाटायचं, ती कूस माझ्या एकट्याच्या मानेवर आहे."

सून रडली नाही. तिने सासऱ्यांकडे तोंड वळवलं.

"त्या म्हणाल्या, झोपू दे?"

"अगदी याच शब्दांत."

तिचे खांदे खाली आले. पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. तिने डोकं भिंतीला टेकवलं, ते घसरत बाबांच्या दंडावर आलं आणि तिथेच राहिलं. ताईला आधी वाटलं, घेरी आली. मग श्वास ऐकू आला. लांब, सावकाश, पोटापासूनचा.

खाली घंटा वाजली. अकरा वाजले होते. एजंटाने एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे, आणि चवड्यांवर चालत जिना उतरून गेला. खालून त्याचा दबका आवाज आला, "आज नाही जमणार हो, उद्या या."

मुलाचा फोन थरथरायला लागला. त्याने नाव पाहिलं आणि फोन कानाला लावून खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हो, मीच," तो कुजबुजला. "नाही, गाडी पाठवू नका. आजही नाही आणि नंतरही नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने मान वळवून जमिनीकडे पाहिलं. बाबांचा दंड अवघडला होता आणि ते तो हलवत नव्हते.

"काय म्हणालात? नाही, मोठ्याने नाही बोलता यायचं. घरात माणूस झोपलंय."